मगपुढं डॉक्टर

सुरी हातात घेण्याआधी आमचे सर पेशंटकडून एक गोष्ट मागून घ्यायचे, आणि तीही अर्धीच. मी त्यांची भूलतज्ज्ञ, त्यामुळे ती तोडायचं काम माझ्याकडं. पेशंट टेबलावर आडवा झाला की सर उशाशी स्टूल ओढून बसत आणि विचारत, तुमचं लग्न कसं जमलं? शेंगाची चटणी तुमच्याकडं कशी करतात? भीतीनं गारठलेला माणूस हळूहळू बोलू लागे. सर ‘मग पुढं? मग पुढं?’ करत आणि ऐन रंगात मला डोळ्यांनी खूण करत. मी औषध सोडलं की पुढच्या वाक्याच्या आत माणूस झोपलेला. भवानी पेठेत रिक्षावाल्याला ‘मगपुढं डॉक्टर’ एवढं सांगितलं, तरी तो बरोबर दवाखान्याच्या दारात आणून सोडायचा.

गोष्ट संपू द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट होता. एरवी मुहूर्त न पाहणारा माणूस, पण याबाबतीत कुणाचं ऐकत नसे. ‘ज्याचं सांगायचं राहिलंय, तो माणूस परत येतोच की,’ असं ते म्हणत. एकदा एका मितभाषी विणकर काकांनी ‘मुलगी बघितली, लग्न झालं’ एवढ्यावर आटोपलं. माझी सुई तयार. सरांनी हात धरला. ‘थांबा बाई, निदान बारशापर्यंत तरी येऊ द्या.’ बारसं सुरू झालं आणि घुगऱ्या वाटायच्या आत काका झोपले.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर उरलेली गोष्ट वसूल करत. मोहोळच्या एका सुनेनं टेबलावर सासूला चोरून सिनेमाला गेल्याचं सांगायला घेतलं होतं. सकाळी सर कॉटपाशी जाऊन ‘मग पुढं? तिकीट मिळालं का?’ असं विचारून मोकळे. सासूबाई शेजारीच बसलेल्या. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘मिळालं की. मी मागच्याच रांगेत व्हते.’ अख्खा वॉर्ड टाके धरून हसला आणि हसू नका म्हणून ओरडणारे सरच सगळ्यात जास्त हसले.

मग गेल्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांनी सरांनाच टेबलावर आणलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, हृदय थकलेलं. ऑपरेशन त्यांचाच विद्यार्थी करणार होता, पण झोपवायचं मी आणि उठवायचंही मीच. मी मनातून पार घाबरले होते. सर तर माझ्या वरताण. ॲडमिट व्हायच्या दिवशीच त्यांना अक्कलकोटला एका लग्नाला जायचं असल्याचं आठवलं. सिस्टरनी त्यांना गेटवरून परत आणलं.

टेबलावर त्यांचा हात हातात घेतला तर बर्फ. मी त्यांचंच स्टूल ओढलं आणि म्हटलं, ‘सर, काहीतरी सांगा की.’

‘इंटर्न होतो तेव्हा सांगोल्याच्या एका पेशंटनं खूश होऊन मेंढा दिला,’ ते म्हणाले. ‘घेऊन चढलो एसटीत. मेंढा खिडकीची सीट सोडेना. कंडक्टर आला. मेंढ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला...’

इथं सर थांबले आणि त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. तीच, नेहमीची. मी औषध सोडलं.

मध्ये एकदा नाडी फार खाली गेली. मी औषधं देत होते, मॉनिटरवरची नजर हलवत नव्हते आणि मास्कच्या आत चक्क रडत होते. नाडी वर आली तेव्हा त्यांचा विद्यार्थी पुटपुटला, ‘काय म्हणाला असेल हो कंडक्टर?’

सर शुद्धीवर येताच मी त्यांच्या कानाशी वाकून तेच विचारलं. कोरड्या ओठांनी ते म्हणाले, ‘सांगतो की. पण आधी ड्रायव्हर कसला होता ते ऐका.’

आता सर मुलीकडे बेंगळुरूला असतात आणि दर रविवारी फोन करतात. एसटी कशीबशी मंगळवेढ्याला पोचली आहे. मेंढ्यानं एका नवरदेवाचा हार खाल्लाय. कंडक्टरचं तोंड अजून उघडंच आहे आणि तो काय म्हणाला ते मी काढून घेत नाही म्हणून आमच्या सिस्टर माझ्यावर चिडलेल्या असतात.

परवाच्या रविवारी त्यांना बोलताना धाप लागत होती. म्हणाले, ‘बाई, आज सांगूनच टाकतो, कंडक्टर काय म्हणाला ते.’

‘नको सर,’ मी घाईघाईनं म्हटलं. ‘आधी त्या हाराचं सांगा. मग पुढं?’

ते हसले, ‘बरं शिकलात की,’ म्हणाले आणि हाराकडे वळले.