आडवी फांदी

डोंगरात वाट फुटते तिथे चुकीच्या वाटेवर एक हिरवी फांदी आडवी टाकायची, ही मावळातली जुनी रीत. मागून येणाऱ्याला न विचारता कळतं की इकडून जायचं नाही. आणि जो सगळ्यांत शेवटी असेल त्याने ती फांदी उचलून बाजूला ठेवायची. हे दुसरं काम विसरलं, तर त्याच वाटेने जाणारा एखादा माणूस विनाकारण अडतो. ही रीत मला लोहगडवाडीच्या आबांनी शिकवली. शिकवली नसती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

तेव्हा मी पुण्याला कॉलेजात होते. दादाला लेण्यांचं वेड लागलं होतं, आणि दादाला वेड लागलं की घरात कुणाला स्वस्थ बसायची सोय नसे. मार्गशीर्षात त्याने बेत काढला. कार्ल्याची लेणी, मग भाजे, विसापूर, लोहगड आणि शेवटी बेडसे. सगळं पायी, मुक्काम मिळेल तिथे. दादा, वहिनी, मी आणि दादाचा एक मित्र. वडिलांनी मला सोडलं ते एका अटीवर. परत आल्यावर साताऱ्याच्या वकिलांच्या स्थळाला नाक मुरडायचं नाही. मी हो म्हटलं. जायला मिळावं म्हणून मी तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं.

डोंगराचं निमित्त होतं, दुसरं काय! हा मित्र वर्षभर आमच्याकडे येत होता. दादाशी बोलायचा आणि चहा गार करायचा. बोलणं दादाशी, पण वाक्य संपताना नजर माझ्याकडे. एवढ्यावर एक वर्ष काढलं आम्ही. आता त्याला कराचीला नोकरी लागली होती. बेडशाच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून त्याची बोट होती, म्हणून लोहगडापर्यंत आमच्याबरोबर यायचं आणि तिथून मळवली स्टेशनला उतरायचं, असं त्याने ठरवलं होतं.

वाट दाखवायला आबा आम्हांला मळवलीला घ्यायला आले. डोक्याला मुंडासं, कमरेच्या आकडीत कोयता, आणि चाल अशी की दादाची टेपपट्टी खिशातून निघेपर्यंत ते टेकडीपार. दादा प्रत्येक खांबाचा घेर मोजायचा, वहिनी सावली शोधायची, आणि मी व तो मागे राहायचो. भाज्याहून विसापूर चढताना पहिल्या फाट्यावर ऐनाची फांदी आडवी दिसली. आम्ही तिच्या बाजूने तसेच पुढे निघालो तर आबा वरून ओरडले, "आवं ताई, शेवटाला तुमी हायसा न्हवं? मग फांदी कोन उचलनार? उद्या त्या वाटंचा मानूस हितं अडून ऱ्हाईल की!"

झालं. तेव्हापासून शेवटचं माणूस होणं हे आमचं कामच झालं. वहिनीने चिडवलं, "वन्सं, आज पायांना मेंदी लागली का?" मी म्हटलं, फांद्या उचलायच्या असतात. एवढं सोज्वळ उत्तर मी आयुष्यात दुसऱ्यांदा दिलेलं नाही. फाटा आला की तो वाकायचा, फांदी उचलून झुडपाला टेकवून ठेवायचा आणि हाताला लागलेली माती झटकायचा. मग आम्ही पुढच्या फाट्यापर्यंत रमतगमत जायचो. त्या डोंगरात अजून थोडे फाटे असते तर देवाचं काय बिघडलं असतं?

रात्री लोहगडवाडीत आबांच्या ओसरीवर भाताच्या पेंढ्यावर झोपलो. सकाळी गडावर गेलो. विंचूकाटा माचीच्या टोकाला दादा तटाची रुंदी मोजत होता, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. खाली पवनेचं खोरं, कापलेल्या शेतांचे पिवळे तुकडे, मधून धूर. तो म्हणाला, "तुम्ही 'राहा' म्हणालात, तर मी बोटीला जात नाही. आजच तुमच्याबरोबर पुण्याला येतो आणि तुमच्या वडिलांना भेटतो." तोंडातून एवढंच निघालं, "खाली गेल्यावर सांगते."

खाली उतरून भाकरी खाल्ली आणि निघालो. खिंडीजवळ वाट फुटते. रुंद, मळलेली वाट उजेडात खाली मळवलीकडे जाते आणि अरुंद पायवाट विसापूरच्या पायथ्याने बेडशाकडे. मळलेली वाट पाहून शहरी माणूस तीच धरणार, म्हणून आबांनी तिच्यावर भलीमोठी फांदी टाकली होती आणि ते दादा-वहिनीला घेऊन पुढे गेले होते. म्हणजे अडवलेली वाट नेमकी त्याची होती.

तो फांदीपाशी थांबला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "उचलू, की राहू दे?"

त्याला काय विचारायचं होतं हे मला पुरतं कळलं होतं. दोन शब्द म्हणायचे होते. पण मला त्या क्षणी त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. सगळं मीच ठरवायचं? वडिलांना दिलेला शब्द मी मोडायचा, उद्या बोल मी ऐकायचे, आणि हा फांदी उचलण्याचीसुद्धा माझ्याकडे परवानगी मागणार? एकदा तरी आपणहून "नाही जात" म्हण की बाबा! पुढून वहिनीची हाक आली. मी म्हणाले, "उचला. मागच्या माणसाचं अडतं."

मला वाटलं, तो हसेल, नाही म्हणेल. त्याने फांदी उचलली, झुडपाला टेकवली, हात झटकले, नमस्कार केला. मी ताडताड पुढे निघाले. वळून पाहिलं नाही. रडणारं तोंड घेऊन कोण वळून पाहतं?

बेडशाचं लेणं फार सुंदर आहे म्हणतात. खांबांवर घोडे आहेत, हत्ती आहेत, त्यांवर बसलेली जोडपी आहेत. मला त्यांच्याकडे पाहवेना. दादाचं मोजून संपलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ठरल्याप्रमाणे आल्या वाटेनेच मळवलीला परतायचं होतं. वहिनी म्हणाली, पाय दुखतात. आबा म्हणाले, तसं कामशेत टेसन हितनं जवळ पडंल. दादा नेहमीप्रमाणे विचार करत बसला. तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, "कामशेतलाच चला." त्या फाट्यावरून पुन्हा जायची माझी छाती नव्हती. आबांनी आम्हांला कामशेतचा रस्ता दाखवला आणि ते घराकडे वळले.

महिन्याभराने कराचीहून दादाला खुशालीचं पत्र आलं. माघात साताऱ्याच्या वकिलांशीच माझं लग्न झालं. हे माणूस म्हणून सोन्यासारखे निघाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्वयंपाकघरात एकटी असले की मी त्या दुसऱ्याशी भांडत असे. पोळी लाटताना, भाजी चिरताना. उचल म्हटलं तर उचललीस? एवढा कसा रे आज्ञाधारक! आणि भांडण संपलं की त्याची इतकी आठवण येई की हातातलं काम तसंच राही. बारा वर्षं हे चाललं होतं.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकदा यांच्या अशिलाचा त्याच भागातला वलवणचा बंगला आम्हांला चार दिवस मिळाला. मी म्हटलं, मुलांना लोहगड दाखवू. हे कौतुकाने मुलांना सांगत सुटले, "तुमची आई एकदा सगळे गड पायी फिरली आहे बरं!" लोहगडवाडीत चौकशी केली तर आबा होते. थकले होते, पण कोयता कमरेलाच. मला पाहून म्हणाले, "तुमी त्या फांदीवाल्या ताई न्हवं?"

गड पाहून परतताना खिंडीजवळ आलो. आता आम्हांला मळवलीला जायचं होतं, म्हणून आबांनी या खेपेला फांदी बेडशाच्या पायवाटेवर टाकली. हे मुलांना घेऊन पुढे उतरू लागले. मी त्या झुडपाकडे पाहत उभी होते. आबा जवळ येऊन सहज म्हणाले, "त्यो सायेब त्या दिशी लय वेळ हितं बसलेला वो."

"कोण साहेब?" मी विचारलं. जसं काही मला माहीतच नव्हतं.

"तुमच्या संगट व्हता त्यो. तुमास्नी कामशेतच्या वाटंला लावून मी माघारी आलो तवा दिस मावळतीला गेलता. बघतो तर ह्यो हितंच. मळवलीच्या वाटंवर फांदी परत आडवी टाकलेली अन् तिच्याम्होरं बसलेला. म्या म्हनलं, सायेब, गाडी न्हवती का तुमची? तर म्हनला, मंडळी हितनंच माघारी येत्यात न्हवं? म्या म्हनलं, न्हाई वो, त्या तर गेल्या कामशेतला."

"मग?"

"मग काय. उगंच बसला वाईच. मग उठला, फांदी उचलून बाजूला ठिवली अन् गेला उतरून." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कशापाय न्हाई आलासा हितनं माघारी?"

मी म्हणाले, "वहिनीचे पाय दुखत होते."

खालून यांची हाक आली. मुलं हसत होती, कुणीतरी कुणाला ढकलत होतं. मी मळलेल्या वाटेने चार पावलं उतरले.

"ताई, शेवटाला तुमीच हायसा," आबा म्हणाले. "फांदी उचला की."

"राहू दे," मी म्हणाले.

आबांनी स्वतःच वाकून ती उचलली.