बाबासो आण्णांचं 'म्हणून'

आमच्या बावड्याच्या चौकात तालमीच्या भिंतीला काळा फळा हाय. गेली वीस-एकवीस वर्षं रोज सकाळी त्यावर बाबासो आण्णा आपलं मत लिवत्यात. कारखान्यात टाइमकीपर होते, रिटायर झाले तसा खडू हातात धरला. मला तो माणूस आवडत न्हाय, हे आधीच सांगते.

वर मत, त्याखाली एक-दोन कारणं, आन् शेवटी जाडजूड अक्षरात 'म्हणून'. शाळेपुढचा कचऱ्याचा कंटेनर त्यांनी असाच हलवला. सात दिवस लिवत होते, आठव्या दिवशी गाडी येऊन कंटेनर घेऊन गेली. फळ्याचा खालचा अर्धा भाग उलट मतासाठी मोकळा असतोय. शिव्या चालत न्हाईत, कारण द्यायला लागतंय. माझी क्रांती ह्यो फळा वाचतच मोठी झाली. शाळेतनं येऊन मला सांगायची, "आई, आज आण्णांचं दुसरं कारण लंगडं हाय."

क्रांती आता चौदाची. कुस्ती तिच्या अंगातच हाय, तिचा बाप सयाजी ह्याच तालमीचा पैलवान. बाप गेला, पण पोरीचा नाद गेला न्हाय. शाळेकडनं जिल्ह्याला निवड झाली आन् सरावाला हौदा, म्हंजी कुस्तीचा मातीचा आखाडा, न्हाय. दुसरी तालीम गाठायची तर शाळा बुडती. मी आमच्या तालमीच्या वस्तादांना विचारलं, पोरीला हितं उतरू द्याल का. ते म्हणाले, आण्णा काय म्हणत्यात बघू.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: 'एक, आखाड्याची माती पवित्र असते. दोन, बाईचा स्पर्श झाला की ती बाटते. म्हणून मुलींनी हौद्यात उतरू नये.'

माझ्या अंगाची लाही लाही झाली. क्रांती त्या दिवशी जेवली न्हाय.

आन् माती चाळतंय कोण? तालमीच्या बोळात ट्रॉली वळत न्हाय, म्हणून दरवर्षी नवी माती आमच्या घरामागच्या परड्यात पडती. अठरा वर्षं मीच ती चाळते, खडे वेचते, ताक, तेल, हळद घालून मळून देते. पोरं नुसती पाट्या भरून हौद्यात नेऊन टाकत्यात. आण्णा तिथंच खुर्ची टाकून बसलेले असत्यात, डोळे उघडे ठेवून.

क्रांतीला म्हटलं, घे खडू. मी सांगितलं, तिनं नीट मांडलं: 'हौद्याची माती अठरा वर्षं बयाबाई चाळते. बाईच्या हातानं माती बाटत असेल, तर हा हौदा अठरा वर्षं बाटलेला आहे आणि सगळे पैलवान त्यातच घडले. बाटत नसेल, तर क्रांती उतरू शकते. यातलं खरं कुठलं, ते आण्णांनी सांगावं.'

चौकात माणूस मावंना. पोरं फळ्याचे फोटो काढून हसाय लागली. मला वाटलं, झालं काम. खुळीच मी.

आण्णांचं उत्तर आलं: 'बयाबाईंचा तर्क बिनचूक आहे. माती बाटलेली होती, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणून हौदा रिकामा करण्यात येत आहे.'

आन् केला की खरंच! अख्खा हौदा उपसला, पाट्यांनी बोळाबाहेर नेऊन ट्रॉलीत भरला आन् ती माती माझ्याच दारात आणून ओतली. ट्रॅक्टरवाला गुंडू मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मला सांगितलंय तसं करतोय." असला राग मला जन्मात आला न्हवता, रडू बी आलं. बरोबर बोलून बी माणूस हरतोय, हे मला त्या दिवशी कळलं.

क्रांतीनं फावडं घेतलं आन् ती माती परड्यात पसरली. तिच्या वर्गातली स्वप्नाली जोडीला आली आन् सराव सुरू झाला.

तिकडं तालमीत नवी माती बाप्यांनी चाळली, चाळली म्हणजे काय, खड्यासकट हौद्यात लोटली. पोरांची कोपरं सोलून निघाली. पंधरा दिवसांत एकेक करून पोरं आमच्या परड्यात यायला लागली. त्यात आण्णांचा नातू राजवर्धन पहिला.

मग एका सकाळी म्हातारा दारात. "बयाबाई, नवी माती तेवढी चाळून द्या."

"माझा हात लागला तर बाटंल की ओ."

"माती चाळणीतनं जाती. हात लागतोच असं न्हाय."

"मग क्रांतीला आत घ्या."

"तो वेगळा मुद्दा हाय."

तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. क्रांतीनं राजवर्धनला पाठीवर पाडलं होतं. आण्णांनी त्याला हाक मारली, घरी चल म्हणून. पोरगं उठलं, केसापासनं टाचेपर्यंत मातीनं भरलेलं. आजोबाकडं एकदा बघितलं आन् परत क्रांतीपुढं जाऊन कुस्तीला उभं राहिलं.

मी म्हटलं, "आण्णा, माती बाटली म्हणून तुम्ही ती बदलली. आता नातू बी बदलणार काय?"