उजव्या अंगठ्याचा ठसा

ती केस आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

गायरान कंपनीला देऊ नका म्हणून मेंढपाळांनी मेंढरांसकट रस्ता अडवला होता. मंत्रालयातून फोन आला, तासाभरात रस्ता मोकळा करा. आमच्या माणसांनी लाठ्या चालवल्या, काहींना ठाण्यात नेलं. मी त्या दिवशी पूर्णेला बंदोबस्तावर होतो. तिथं असतो तर फोन मानला नसता, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी एक बाई माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याचा डावा हात मोडला होता. ठाण्याचं म्हणणं, सुटल्यावर तो रानात पडला.

"आमचे मालक रानात न्हाई पडले, सायेब. ठाण्यात मारलंय त्यान्ला. आता मेंढरं कोन वळंल?"

चौकशी माझ्याकडे सोपवली गेली. त्याच ठाण्यात बसून मी कागद मागवले. अटक फॉर्मवर लिहिलं होतं, अंगावर जखमा नाहीत. खाली अंगठ्याचा ठसा होता आणि शेजारी 'उजवा'. तिथं मी थांबलो. पुरुषाचा ठसा डाव्या अंगठ्याचा घेतात, हे ठाण्यातला शिपाईसुद्धा झोपेत सांगेल.

फॉर्म भरणाऱ्या जुन्या हवालदाराला बोलावलं.

"उजवा का घेतला?"

"चुकून झालं असंल, साहेब."

मी स्टॅम्प पॅड पुढे सरकवलं. "माझा ठसा घ्या."

त्याने सवयीने माझा डावा हात धरला आणि तसाच थांबला. चेहरा पार उतरला.

"साहेब, त्याचा डावा उचलंना. ठाण्यात आनल्यावरच मारला होता. हात लावला की लय वरडायचा."

दुपारी मंत्रालयातून पुन्हा फोन. खातं सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

"रानात पडला एवढंच लिहा."

"लेखी पाठवा, साहेब."

"हा तोंडी आदेश समजा."

"मग तोंडी आदेश आला, अशी नोंद करतो."

पलीकडून फोन आपटला. मी स्टेशन डायरी ओढली आणि वेळेसह फोन नोंदवला. पेन हातात असताना भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

अहवाल गेला. मारणारे दोघे निलंबित झाले. आठवड्यात माझी बदली झाली. फोन करणारा खुर्चीतच राहिला, डायरीतल्या त्या नोंदीबद्दल मला कुणी विचारलंही नाही. ती मात्र अजून तिथंच आहे.

नोकरीने मला एवढं शिकवलं, की मारायला सांगणाऱ्याची सही कुठेच नसते आणि मारणाऱ्याची सगळीकडे असते. म्हणून नव्या पोरांना बजावतो, ते लिहून देत नसतील तर तुम्ही लिहून ठेवा. बदलीने कुणी मरत नाही.

अहवाल पाठवण्याआधी त्या मेंढपाळाचा जबाब घेतला होता. हात प्लास्टरमध्ये बघून हवालदाराने त्याचा उजवा अंगठा धरला. त्याने तो सोडवून घेतला.

"डावाच घ्या," तो म्हणाला. मग उजव्या हाताने प्लास्टर उचलून त्याने डावा अंगठा शाईवर टेकवला. कळ आली तशी दात आवळले, पण ठसा स्पष्ट उमटेपर्यंत अंगठा उचलला नाही.