वाळूवरचा मांडव

धाकट्या जावेनं लेकीचं लग्न कोकणात, समुद्राकाठी, उघड्यावर करायचं ठरवलं, तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं त्याला ओवा चालत नव्हता.

उघड्यावरचं लग्न काय असतं ते मला विचारा. माझं लातूरला झालं, भूकंपाच्या साली. कार्यालय ठरलेलं होतं, पण स्लॅबखाली बसायला कुणी तयार होईना. किल्लारीकडच्या मावशीच्या घरातली तिघं गेली होती. शेवटी मैदानात सतरंज्या अंथरल्या आणि तिथंच अक्षता पडल्या. बँड नाही, फोटो नाही. ही तक्रार आमच्या घरातल्या प्रत्येक पोरानं शंभरदा ऐकली आहे.

जाऊ नंतर आली, वाजतगाजत. लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हा दिरानं आमच्याच ओसरीवर वर्ग सुरू केला. नांदेड-कंधारकडून पोरं यायची, त्यांचे डबे मी केले. पुढं तीन मजली इमारत उभी राहिली. फीत कापायला जाऊ आणि शिऱ्याच्या पातेल्याशी मी. मला तिचा हेवा वाटायचा. साधा, सरळ हेवा. त्याला दुसरं गोंडस नाव कशाला देऊ?

दिवाळीनंतर दीर-जाऊ दोघं जागा बघून आले. गेले होते संध्याकाळी. जाऊ सांगत होती, "लई मोठं मैदान हाय, जाऊबाई! वाळूच वाळू. पाणी तर कुठल्या कुठं लांब." लग्न लावणाऱ्या स्वामींनी मुहूर्त काढला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, दुपारी साडेबाराचा.

"मांडवाचं अन् जेवणाचं तुम्हीच बघा," जाऊ म्हणाली. "तुमच्या हाताला सवय हाय."

सवय! मी हसून हो म्हटलं.

म्हणून तिथल्या मांडववाल्याचा फोन मला आला. "वहिनी, मांडव वर सुरूच्या बनात घेऊ या. त्या दिवशी साडेबाराला भरती आहे. तुम्ही म्हणता तिथं गुडघाभर पाणी असेल."

आमच्याकडे पाणी येतं ते टँकरनं. ते आपल्या पायांनी चालत येतं हे आम्हा लातूरकरांच्या डोक्यात कसं यावं? "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि कुणालाच विचारलं नाही. आठवड्यानं त्याचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, "तिथंच, खाली वाळूवर उभारा."

पुढचे आठ दिवस शेंगदाण्याची चटणी कुटताना मला जावेची भिजलेली पैठणी दिसायची. सैरावैरा धावणारे पाहुणे दिसायचे. खोटं कशाला बोलू, गोड वाटायचं.

मग पुतणी पुण्याहून आली ती पत्रिका घेऊन. पहिली पत्रिका तिनं माझ्या हातात ठेवली.

"मोठी आई, आईला एसी कार्यालय हवं होतं. मीच हटून बसले. लहानपणापासून तुझ्याच लग्नाची गोष्ट ऐकत आलेय ना. डोक्यावर आभाळ, सगळे सतरंजीवर, बँडचा कलकलाट नाही. मला तसंच पाहिजे."

मी जन्मभर रडगाणं गात होते आणि ही पोरगी ते हौसेनं ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना. तिच्यासमोरच मांडववाल्याला फोन लावला. "दादा, मांडव वर घ्या. बनात."

"काय झालं गं?" तिनं विचारलं.

"भरती असते त्या वेळी. आत्ताच कळलं मला."

लग्न सुरूच्या बनात झालं, सतरंज्यांवर. अक्षता पडल्या आणि खाली वाळूवर, जिथं आधी मांडवाच्या खुणेच्या काठ्या रोवल्या होत्या, तिथं पाणी आलं. एकेक काठी आडवी होत गेली. जावेनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग सगळ्या वऱ्हाडासमोर ती वाकली आणि तिनं माझे पाय धरले.

"जाऊबाई, तुम्ही होता म्हणून वाचलो. न्हाईतर आज लेकीचं काय झालं असतं!"

चारचौघांत तिनं माझ्यापुढं वाकावं, एवढंच तर मला पंचवीस वर्षं हवं होतं. ती वाकलेलीच राहिली, आशीर्वादाची वाट बघत. माझा हात काही वर उठला नाही.