पलंगाखालच्या चपला

आमच्या चर्चच्या मंडळीत माझी एक गोष्ट सांगतात. प्रार्थना बंद पाडायला माणसं आली तेव्हा सरांनी दार सताड उघडून त्यांना आत बोलावलं. विरोधाला कसं तोंड द्यावं हे तरुण संघाला शिकवताना पाळक हाच दाखला देतात. मी मान खाली घालून ऐकत आलो. लोकांना तो विनय वाटला. दार मी उघडलंच नव्हतं.

दर बुधवारी संध्याकाळी इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्यातल्या आमच्या घरी प्रार्थना असते. चार-पाच कुटुंबं, दोन गीतं, शास्त्रवाचन, मग शेव घातलेले पोहे. काही वर्षांपूर्वी कॉलनीत कुजबुज सुरू झाली की इथे लोकांचा धर्म बदलतात. शेजारचे गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले आणि मराठीच, कुंपणावरून म्हणाले, "सर, लोग बातें कर रहे हैं. जरा सांभाळून."

मी सांभाळलं ते असं: खिडक्या लावल्या, पडदे ओढले, ढोलकी कपाटावर ठेवली. गर्दी दिसू नये म्हणून सगळ्यांच्या चपला आत आणून पलंगाखाली सरकवल्या.

"प्रार्थनेला असं चोरासारखं काय बसायचं?" बायको म्हणाली. मी तिला व्यवहार शिकवला.

कुजबुज वाढलीच. माणसं आत जाताना दिसत, पण बाहेर चपला नसत, आवाज येत नसे. अशा घराचा मलाही संशय आला असता.

एका बुधवारी फाटक वाजलं. "बाहर निकलो! अंदर क्या चल रहा है?" सात-आठ जण होते, एकाने मोबाइल वर धरलेला. शेजारचे ते गृहस्थही मागे येऊन उभे राहिले. मी खिडकी बोटभर उघडली, आणि जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माझ्या तोंडून निघालं, "कुछ नहीं भैया, पत्नी का जन्मदिन है."

"तो केक कहाँ है?" बाहेर हशा पिकला.

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचून ती वाकली, पलंगाखालच्या चपला ओढून काढल्या, दोन्ही हातांत मावतील तेवढ्या घेऊन दार उघडलं आणि पायरीवर एकेक जोड लावू लागली.

"जन्मदिन नहीं है," ती म्हणाली. "प्रार्थना है. आधी हो गई, आधी बाकी है. चप्पल उतारो और अंदर आओ."

"आने के पैसे देते हो क्या?" मोबाइलवाल्याने विचारलं.

"पोहे देते हैं. प्याज चलता है ना?"

सगळ्यात आधी शेजाऱ्यांनी चपला काढल्या. त्यांच्यामागून दोघे आले. बाकीचे फाटकाशी बडबडत राहिले. ढोलकी खाली आली. शेवटी बायकोने दर बुधवारसारखी शेजाऱ्यांच्या पत्नीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना केली, तेव्हा शेजाऱ्यांनी चमकून वर पाहिलं.

निघताना ते म्हणाले, "वहिनी, एवढंच होतं तर खिडक्या कशाला लावत होता?"

"यांना विचारा," ती म्हणाली.

विरोध संपला नाही. पुढे तक्रार झाली, ठाण्यात जाऊन उत्तरं द्यावी लागली, एका कुटुंबाने येणं सोडलं. पण खिडक्या पुन्हा लागल्या नाहीत, आणि बुधवार एकही चुकला नाही.

आतल्या खोलीत बसलेल्यांना दार दिसत नव्हतं. त्यांनी मंडळीत सांगितलं, सरांनी दार उघडलं. पाळकांनी माझी पाठ थोपटली. मी गप्प राहिलो. बायकोने ते कधी कुणाजवळ खोडून काढलं नाही, फक्त बुधवारी विचारायची, "आज वाढदिवसाला किती जणांचे पोहे भिजवू?"

ती गेल्यापासून कुणी तसं विचारत नाही. ते शांत बुधवार मला सहन होईनात. परवाच्या रविवारी उपासनेनंतर उभा राहिलो आणि दार कुणी उघडलं, मी खिडकीतून काय बोललो, सगळं सांगितलं. तरुण संघाच्या मुलांना म्हटलं, विरोध करणारा दारात आला तर त्याला आत येऊन बघू द्या. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. लपवलं होतं ते मी, आणि त्या भीतीनेच आमचा जास्त घात केला.

या बुधवारी मी पायरीवर चपला नीट लावत होतो. कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला. खिडकीतलं माझं वाक्य त्यांनीही ऐकलं होतं. इतकी वर्षं त्यावर एका शब्दाने बोलले नव्हते. कॉलनीत रविवारची बातमी पोचलेली दिसली.

"क्यों सर, आज किसका जन्मदिन है?"

"प्रार्थना आहे," मी म्हणालो. "चपला काढून आत या."