अकरा बैल आणि एक रंधा

आमच्या घरचे अकरा बैल मी एका दुपारी नाहीसे केले. (त्यातला एकही जिवंत नव्हता, म्हणून पोलीस केस झाली नाही.)

झालं असं, की आमचा जुना गोठा बसला आणि सागाचे चार खांब मोकळे झाले. बाबा वखर-डवरे दुरुस्त करतात ते जमिनीवर उकिडवे बसून. त्यांना सुतारकामाचा भक्कम बाक करून द्यायचं मी ठरवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी! एक बाक जमणार नाही?

आदिलाबादच्या आरागिरणीवाल्यानं विचारलं, खिळे काढले ना? मी छाती काढून म्हटलं, सगळे. पहिल्याच खांबात आरा किंचाळला आणि पातं गेलं. मालक हिंदीत जे बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. खांब घेऊन आमच्या गावी, तामसीला परत!

मग गावच्या गणपत सुतारकाकांकडून रंधा मागून आणला. सोबत आलेल्या काकांनी एका खांबावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "याले खाचा हायेत. बाबाले इचारलं काय?"

दोरखंडानं झिजलेलं लाकूड ते, असं मीच त्यांना समजावून सांगितलं. (सुताराला. लाकडाबद्दल.) दुपारभर रंधून मी तो खांब आरशासारखा केला.

संध्याकाळी बाबा शेतातून आले. म्हटलं, हात तर फिरवून पाहा. त्यांनी फिरवला. परत फिरवला.

"कवड्या कुठी गेला?"

"कोण कवड्या, बाबा?"

"हितं होता. त्याच्याखाली तांबड्या. मंग लंगड्या."

बाबांना अक्षर येत नाही. बैल गेला की ते विळ्यानं खांबावर एक खाच पाडत. लंगड्याची तिरपी होती म्हणे. अशा अकरा. आणि ते मला रागावलेसुद्धा नाहीत!

निदान सालपटं तरी जपावी म्हणून मी अंगणात धावलो. आईनं ती चुलीत घालून त्यांवर चहा ठेवला होता.

बाक झाला, पण बाबा त्याच्याकडे फिरकेनात. पोळ्याच्या आधी आमचा म्हातारा बैल पवळ्या गेला. त्या दिवशी ते विळा घेऊन आले आणि बाकात बसवलेल्या माझ्या त्या गुळगुळीत खांबावर मधोमध एक खाच पाडली.

"आता हे नको रंधू," एवढंच म्हणाले.

खाच वाकडी आली होती. गुण्या लावून काटकोन बघायला माझा हात शिवशिवला, पण मी तो खिशात घातला. आजवरच्या माझ्या सुतारकामात तेवढंच एक काम बरोबर झालं.