अढीवालीचा स्वेटर

वाडीत राहीला सगळे अढीवाली म्हणत. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती बागायतदारांच्या आंब्याच्या खोलीत कामाला लागली. काढून आणलेला हापूस भाताच्या पेंढ्यावर थराथराने मांडायचा, वर पुन्हा पेंढा पसरायचा, ही झाली अढी. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून हात आत घालून तिची ऊब बघायची. राही डोळे मिटून, कोपरापर्यंत हात पेंढ्यात घालून बसली की बाकीच्या बायका बोलायच्या थांबत. "आज नाय, परवा," ती म्हणे, आणि अढी परवाच उघडली जाई. तीस वर्षांत तिचा परवा कधी तेरवा झाला नव्हता.

अशा हाताला तीन वर्षांपूर्वी एक स्वेटर लागला.

जानेवारी होता. मोहोर बघायला म्हणून मालकांच्या आत्या पुण्याहून आल्या होत्या. सकाळी धुक्यात कलमांखालून फिरून आल्या आणि न्हाणीत जाताना अंगातला राखाडी स्वेटर काढून राहीच्या हातात देत म्हणाल्या, "जरा धर ग, खाली नको ठेवूस." राहीचा हात सवयीने बाहीत गेला. आधी काहीच नव्हतं, नुसती बाही. मग हळूहळू, कुठून कोण जाणे, ऊब आली. बाहेरून दिल्यासारखी नव्हे. तिचीच ऊब कोणीतरी जपून तिला परत करत होतं. आत्या बाहेर आल्या तरी ती तशीच उभी.

"सत्तावीस वर्षांचा आहे," आत्या म्हणाल्या. "लडाखात बकऱ्यांना थंडीत आतून बारीक लव येते. थंडी सरली की ती विंचरून काढतात. त्या लवेचा."

तेव्हापासून राहीला त्या बकऱ्या दिसू लागल्या. मे महिन्यात आंब्याच्या खोलीत वारा नसे, पत्रा तापलेला, पाठीवरून घामाच्या धारा. दुपारी पेंढ्याला टेकून जरा डोळा लागला की डोंगर दिसत, खोवलेल्या नारळाच्या ढिगांसारखे पांढरे. त्यांच्यावरून बकऱ्या चालत. पायांचा आवाज नाही. पोटाखालची लव वाऱ्यावर हलते आहे आणि राही त्यांच्यामधून चालली आहे, आणि तिला थंडी वाजते आहे. स्वप्नातलं सगळ्यात गोड तेच, थंडी वाजणं. कुणी हाक मारली की ती तोंडावरचा घाम पुसून उठे आणि उरलेला दिवसभर कुणाशी फारसं बोलत नसे.

या वर्षी पौषात भिशी तिला लागली, आणि त्याच आठवड्यात शहरात मारुती मंदिराजवळच्या हॉलमध्ये काश्मिरी मालाचं प्रदर्शन लागल्याची बातमी सून ईशाने फोनवर दाखवली. राहीने चहाचा कप खाली ठेवला. "मला स्वेटर घ्यायचाय," ती म्हणाली.

हरिश्चंद्र, तिचा नवरा, मुंबईच्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी घरी आला होता. तो पंख्याखाली पेपर वाचत होता. "रत्नागिरीत स्वेटर?" तो म्हणाला. "अगो, माशाला रेनकोट घेतलास तरी चालेल."

"पंधरा दिवस थंडी असते," राही म्हणाली.

"पंधरा दिवसांत बारा दिवस मी पंखा लावतो."

"तुम्ही लावता."

ईशा हसली, पण उठून तयार झाली. एसटीत तिने सासूला पुन्हा विचारलं, "आई, खरंच तुमच्यासाठी? की बाबांना सरप्राइज?" राही खिडकीतून बाहेर बघत राहिली. कातळावरचं गवत वाळून सोनेरी झालं होतं.

हॉलमध्ये आंबट उजेड होता, ट्यूबलाइटचा. शाली, गालिचे, अक्रोडाच्या लाकडाचे डबे. स्वेटरच्या टेबलामागे पिकल्या दाढीचा एक काश्मिरी गृहस्थ बसला होता. त्याने दोघींकडे बघितलं आणि वरचाच एक गुलाबी स्वेटर राहीच्या हातावर ठेवला. "हाथ लगाके देखिए, बहनजी. मक्खन."

ईशाने गालाला लावला. "आई, हाच! काय मऊ आहे!"

राहीने बोटांनी तो दाबला. अंगठा वर, दोन बोटं खाली, आंब्याला लावते तशीच. मग अंगठ्याने एकाच जागी घासत राहिली, आणि बघता बघता तिथे लोकरीची बारीक गोळी जमली. तिने स्वेटर परत ठेवला.

"हा उतरलाय."

"म्हणजे?"

"हात लावल्याबरोबर ज्याचा गाल असा लोण्यासारखा लागतो ना गो, तो आंबा उद्याचा नसतो. त्याने आपलं सगळं आजच देऊन टाकलेलं असतं. पेटीत भरलास तर वाशीला पोचेपर्यंत पाणी."

विक्रेत्याला शब्द कळले नाहीत, पण ती गोळी त्याने पाहिली होती. तो खाली वाकला आणि टेबलाखालच्या खोक्यातून चार स्वेटर काढून त्याने समोर मांडले. आता त्याने लोण्याचं नाव काढलं नाही.

राही खुर्ची ओढून बसली. आसपास गर्दी होती, कुठेतरी मूल रडत होतं. तिला त्यातलं काही ऐकू येईना. पहिला स्वेटर तिने उजेडासमोर धरला; विणीतून ट्यूब दिसली, बाजूला ठेवला. दुसऱ्याची कड ताणून सोडली. कड परत आली, पण पुरती नाही. तिसऱ्याच्या आतल्या शिवणी बघितल्या. चौथा तपकिरी होता, ओल्या जांभ्याच्या रंगाचा. तो हाताला फार मऊ लागला नाही. जरा घट्टच लागला, अनोळखी माणसासारखा. धागा दुपदरी, पीळ आवळलेला, वीण दाट. खांद्याला बाही नुसती शिवून लावलेली नव्हती, टाक्यात टाका घालून जोडलेली होती. अंगठ्याने घासलं, गोळी आली नाही. ताणला, जागेवर आला. मग तिने हात बाहीत घातला आणि डोळे मिटले.

"आई, काय करताय? लोक बघतायत."

"थांब."

ईशा थांबली. विक्रेताही थांबला. दोन मिनिटं गेली असतील. राहीच्या चेहऱ्यावरची कामाची रेघ हळूहळू सैल झाली आणि ती झोपेत हसावी तशी हसली.

"आप ऊन का काम करती हैं?" विक्रेत्याने विचारलं.

"नाही," राही म्हणाली, "आंब्याचं."

अडचण एकच होती. स्वेटर पुरुषी मापाचा होता. अंगावर धरला तर बाह्या बोटांच्या पुढे गेल्या. या विणीचा लहान मापाचा नव्हता, विक्रेता हात जोडून म्हणाला; लहान मापात होता तो फक्त गुलाबी. "साहब के लिए ले जाइए."

"होय आई," ईशाचा जीव भांड्यात पडला. "बाबांना अगदी होईल. आणि मग कोणी काही बोलणार पण नाही."

राहीने स्वेटर अंगावरून खाली घेतला. खरंच कोणी बोललं नसतं. पेटीतला आंबा गिऱ्हाइकाचा आणि डागी घरच्यांचा, हे तिने घरातही पाळलं होतं. त्यातही डाग कापून बरी फोड नवऱ्याला, मुलाला, आणि कोय आपल्याला. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसा चाले. आताही हात चाललाच होता, स्वेटरची घडी घालून "साहेबां"साठी पुढे करायला.

तिने बाह्यांना दोन घड्या घातल्या. "माझ्यासाठीच," ती म्हणाली. "बांधा."

घरी आल्यावर मुलगा हर्षदने किंमत विचारली, आणि ऐकून नुसताच "आई!" म्हणाला. हरिश्चंद्राने पिशवीतून स्वेटर काढला, आणि कोणी काही म्हणायच्या आत डोक्यातून घातला. आरशासमोर गेला. खांदे बरोबर, लांबी बरोबर. तपकिरी रंगात त्याचे पांढरे केस फार चांगले दिसले. सगळ्यांनाच दिसले.

"माझ्याच मापाचा की गो!" तो वळून म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती, हरखल्यासारखा झाला होता. "माझ्यासाठी आणलास आणि मला उगाच टोमणे मारू दिलेस?"

ईशाने सासूकडे बघितलं नाही. हर्षदने मोबाइल उचलला.

राही आयुष्यभर या क्षणी "होय" म्हणत आली होती. तोंड उघडलं तेव्हा तिलाही वाटलं, तेच येणार.

"काढा," ती म्हणाली. "तो माझा आहे."

हरिश्चंद्र उभाच राहिला. आधी हसला, मग थांबला. इतकी वर्षं तो गणपतीला आणि शिमग्याला येऊन गेला होता. बायकोचं काय काय असतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. त्याने स्वेटर काढला. डोक्यातून काढताना केस विस्कटले. उलटी झालेली बाही त्याने नीट सुलटी केली, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"घाल बघू," तो म्हणाला.

"आता नको. उकडतंय."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता ती घरापुढच्या खळ्यात आली. धुकं एवढं उतरलं होतं की समोरची कलमं दिसत नव्हती, मोहोराचा वास तेवढा येत होता. स्वेटर नऊवारीवर घातलेला, लुगड्याच्या काष्ट्यापर्यंत लोंबणारा. ती खळ्यातून खाली उतरली आणि चालू लागली. पायांखालचं दव गार होतं, कानांच्या पाळ्या गार होत्या. पाच-सात कलमांपर्यंत ती गेली असेल आणि घर मागे नाहीसं झालं. आता पुढेही पांढरं आणि मागेही पांढरं. ती उभी राहिली. तिला कुठेच पोचायचं नव्हतं.

"राही!" घराकडून आवाज आला. "खय हायस गो? चाय झाली."

तिने ओ दिली नाही. अजून थोडा वेळ नाही.